मामाच्या नावाचा घास

टॉन्सिलचं ऑपरेशन करून जुईला घरी आणल्यापासून, तिला ज्याच्या नावाचा घास भरवावा त्याच्या पोटात तो जाऊ लागला.

मी जुईचा मामा. ती साताऱ्यात, मी कराडला. मला हे कळलं कचेरीतल्या बैठकीत. समोर कालव्याचा नकाशा पसरलेला आणि माझ्या घशातून गार दूधभात सावकाश उतरला. पाठोपाठ घशापासून कानापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. मग तिच्या औषधाची फार गोड गुंगी आली. नकाशातला कालवा हळूहळू वाहू लागला.

"काय खाताय?" हेगिष्टे साहेबांनी विचारलं.

"मी नाही, साहेब. भाची जेवतेय."

"मग होऊ द्या तिचं," ते म्हणाले आणि त्यांनी बैठक थांबवली.

संध्याकाळी वैजूचा, माझ्या बहिणीचा, फोन आला. रडकुंडीला आली होती बिचारी.

"दादा, काऊचा म्हटलं की काऊला, चिऊचा म्हटलं की चिऊला. गॅलरीतली चिमणी फुगून बसलीय, उडेना. आणि पोरगी वाटीभर खाऊन उपाशी!"

"मग नाव घेऊ नकोस ना."

"त्याशिवाय तोंड उघडत नाही ती."

"तिचंच नाव घे."

"मग तर ओठ गच्च मिटते. तिला माहितेय, दुखणार ते."

डॉक्टरीणबाईंना यात नवल वाटलं नव्हतं. ज्याचा घास त्याचं पोट, त्या म्हणाल्या. पण जुई स्वतः गिळत नाही तोवर घसा मोकळा व्हायचा नाही, आणि उद्या दुपारपर्यंत तिच्या पोटात काही गेलं नाही तर परत दवाखान्यात आणा, सलाईन लावू. सलाईनचं नाव ऐकलं आणि माझा धीर सुटला. मुळात काडी ती, सुई टोचणार कुठे?

सकाळच्या एसटीने मी साताऱ्याला पोचलो. जुई खिडकीशी बसली होती, गालफडं बसलेली. गजापलीकडे कावळा होता. तोही गप्प. उन्हात सगळं घर झोपेत असल्यासारखं दिसत होतं.

वैजूने चमचा उचलला. "हा घास मामाचा."

जुईने तोंड उघडलं. मी हसरा चेहरा करून तयारीत उभा होतो, पण कळ आली आणि माझा हात आपोआप कानावर गेला. मी कराडला असताना तिला हे कधी दिसलं नव्हतं.

ती बघत राहिली. मग बोटाने मला जवळ बोलावून कुजबुजली, "तुला दुखतं?"

"छे गं," मी म्हणालो. आवाज तिच्यासारखाच फुसका निघाला.

"काऊला पण?"

मी गजापलीकडे पाहिलं. वैजूने पुढचा चमचा भरला. "हा घास..."

"जुईचा," जुई म्हणाली.

तिने गिळला. डोळे मिटले, पाय आपटले, माझं बोट मुठीत आवळून धरलं. माझ्या घशाला काहीसुद्धा झालं नाही, आणि ते मला अजिबात सोसवलं नाही. वैजू पदराने डोळे पुसत होती. जुईने तिच्या हाताला धक्का देऊन तोंड उघडलं. दुसरा जुईचा. तिसराही जुईचा. मधे ती हुंदके द्यायची, पाणी प्यायची, पुन्हा तोंड उघडायची.

तळाशी थोडा भात राहिला, तेव्हा वैजू सवयीने म्हणाली, "हा शेवटचा मामाचा."

जुईने वाटी स्वतःकडे ओढली.

"मामाला वेगळं ताट वाढ."