विमानात टाकलेला रुमाल

"आबा, कालच्यापेक्षा आज पुन्हा वाढलं," असं म्हणत प्रणयने मोबाईल बापापुढे धरला आणि बन्सी खरातांनी चहाची बशी न पिताच खाली ठेवली.

त्यांची थोरली लेक विशाखा आयर्लंडला होती. पहिलं बाळंतपण, तेही ऐन नाताळात. जावयाची रात्रपाळी आणि घरात हाताशी दुसरं माणूस नाही. व्हिसा झाला, डिंकाचे लाडू झाले, बाळाची दुपटी शिवून झाली. अडलं होतं ते फक्त तिकिटावर. नाताळात सगळं जग एकदमच घरी निघतं, त्यामुळे विमानाचे भाव रोज नवा उच्चांक गाठत होते. एकाचं तिकीट कसंबसं परवडलं असतं, पण विशाखाची आई कडूबाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "जायचं तर दोघांनी. मी एकटी विमानात पाय ठेवायची नाय. एकटीनं जायला मी काय हितं पडेगावला चालले व्हय?"

बन्सीरावांना हे सगळं फार लागलं होतं. प्रवासात जागा मिळवणं हा त्यांचा एके काळचा हातखंडा. दिवाळीच्या सुट्टीत मध्यवर्ती बसस्थानकावर कन्नडची गाडी फलाटाला लागायच्या आधीच ते तिच्यासोबत पळत आणि खिडकीतून नेमका रुमाल टाकत. मागून भाऊ गोकुळ टोपी टाकी, मेव्हणा साहेबराव पिशवी टाकी. सगळं खानदान पाच-सहा खिडक्यांवर तुटून पडे आणि मग आतल्या आत बायका-पोरांची सोय लावली जाई. एका वर्षी तर घाईत गोकुळने तीन वर्षांच्या विशाखालाच खिडकीतून आत सोडलं होतं. ती सीटवर बसून सगळ्यांना बोबडं "उता, उता" करत उठवत होती. आता गोकुळ मुकुंदवाडीला, साहेबराव कन्नडला, पुतणी रूपाली पडेगावला. घरटी गाडी आली आणि एकत्र प्रवास संपला. 'खरात परिवार' या मोबाईलवरच्या ग्रुपवर तेवढी रोज सकाळी फुलं पडत.

रविवारी दुपारी प्रणय ओरडला, "आबा, सापडलं! स्वस्तातलं आहे. पण या भावाच्या मोजक्याच सीटा राहिल्यात." त्याने घाईघाईने ते पान बापाच्या मोबाईलवर पाठवलं आणि कार्डावरची मर्यादा वाढवून घ्यायला बँकेला फोन लावत तो गच्चीवर गेला. खाली त्याच्या मोबाईलला नुसतं वायफाय होतं, रेंज नव्हती.

'मोजक्याच सीटा' हे शब्द ऐकून बन्सीरावांचं रक्त सळसळलं. गाडी लागलेली आहे आणि पोरगा गच्चीवर गप्पा मारतोय! त्यांनी ते पान ग्रुपवर टाकलं आणि खाली आपल्या खणखणीत आवाजात निरोप सोडला.

"जय भीम मंडळी! विशाखाकडं जायचं विमान लागलंय. लई गर्दी हाय. ज्याला जिथून जमंल तिथून घुसा आन् आमच्या दोघांपुरती जागा धरा!"

फुलांखेरीज काही न टाकणारा तो ग्रुप खडबडून जागा झाला.

"काका, मी आत गेले!" रूपालीचा फोन आला. "तुमची दोघांची नावं टाकली. पैसे भरायच्या पानावर आहे. काय करू?"

"तिथंच थांब! हलू नको!"

"भाऊ, मला बी दोन मिळाल्या," मुकुंदवाडीहून गोकुळ. "पर भाव वाढला बरं का. कोण तरी लई घुसाघुशी करायलंय."

"करू दे! तू सोडू नको!"

कडूबाई कणीक मळायची सोडून बाहेर आल्या. "काय झालं?"

"रेटारेटी चाललीय," बन्सीराव म्हणाले. कपाळावर घाम होता, पण चेहरा असा खुलला होता की कडूबाई बघतच राहिल्या. साहेबरावही कुठून तरी चढल्याचं ग्रुपवर दिसलं होतं, पण त्याचा फोन लागत नव्हता.

प्रणय खाली आला तेव्हा भाव दीडपट झाला होता. "अरे, पाच मिनिटांत एवढी गर्दी आली कुठून?" तो डोक्याला हात लावून म्हणाला. तेवढ्यात त्याने ग्रुप उघडला आणि मटकन खालीच बसला.

"आबा, ही गर्दी कोण आहे माहितीय? आपणच आहोत!"

पैसे भरायच्या पानावर गेलं की तेवढ्या सीटा काही वेळ अडून राहतात, हे त्याने समजावून सांगितलं. एकाच नवराबायकोसाठी अख्ख्या खानदानाने विमान अडवून धरलं होतं आणि आपणच आपल्याला महाग करून ठेवलं होतं.

बन्सीराव आधी ओशाळले. मग त्यांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी सगळे पुन्हा एका गाडीमागे धावले होते. त्यांना ते दिवस फार आठवत, पण बोलून दाखवायला आजवर कारण मिळालं नव्हतं.

"आता रडू नका, त्यांना उतरवा आधी," कडूबाई म्हणाल्या.

"मंडळी, समद्यांनी खाली उतरा!" असा निरोप गेला. पाव तासात भाव खाली आला. प्रणय नावं भरणार, तोच साहेबरावाचा फोन लागला.

"दाजी, जय भीम! काम फत्ते. खिडकीची आन् तिच्या शेजारची घेतली. पैसे बी भरले. माझ्याकडून भाचीला."

"वा रे पठ्ठ्या! दोघांच्या नावानं ना?"

"एक ताईच्या नावानं. दुसरीवर घाईत माझंच नाव टाकलं. जागा धरायला नाव कोणाचं बी चालतंय की. तुम्ही आले की मी उठणार!"

सवलतीचं तिकीट. ते रद्दही होईना आणि त्यावरचं नावही बदलेना. साहेबरावाकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. शेवटी प्रणयने त्याच रांगेतली कडेची सीट आबांसाठी घेतली, आणि खरातांची दोघं तीन जागांवर आयर्लंडला निघाले.

विमान शिगोशीग भरलं होतं. मधली जागा तेवढी मोकळी. तान्हं बाळ घेतलेली एक मुलगी मागच्या रांगेतली दाटीची जागा सोडून आली. "अंकल, यहाँ कोई है क्या?"

"हाय ना. आदमी आ रा," बन्सीरावांच्या तोंडून निघून गेलं.

"अहो, साहेबराव कन्नडला हाय!" कडूबाईंनी सुनावलं, "बसू द्या लेकराला."

मुलगी बसली. जेवणाचा ट्रे येताच तिने बाळ सरळ बन्सीरावांच्या हातात दिलं. ते अवघडून, श्वास रोखून बसले.

"मानेखाली हात धरा," कडूबाई हळूच म्हणाल्या. "सराव होऊ द्या. आठ दिवसांनी हेच काम हाय."

बन्सीरावांनी हात सरकवला. बाळ कुरकुरलं, जांभई दिली आणि त्यांच्या स्वेटरला नाक लावून झोपलं. मुलीचं जेवण उरकलं, ट्रे गेला, तिने हात पुढे केले.

"रहने दो बेटा," बन्सीराव म्हणाले. "उतरने तक मेरे पासच रहने दो."