सोपानतात्यांचा अमोनिया

सहा वर्षे मी एक गोष्ट लपवून ठेवली. बारामतीच्या आमच्या महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तीव्र अमोनियाच्या बाटलीचे बूच मी घाईत सैल बसवले. उन्हाळ्याची दुपार होती. उन्हाने आतला वायू फुगला, सैल बूच उडाले आणि जवळ उभ्या असलेल्या विद्यार्थिनीचे डोळे पोळले. सुदैवाने तिची दृष्टी वाचली. बाटल्या बंद करण्याचे काम परिचर सोपानतात्यांचे, म्हणून मेमो त्यांना मिळाला. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प होतो.

तेव्हापासून तात्या वायूंना भितात. संगणकावरच्या वायूंनाही.

रेणू जुळवून पाहण्याचे सॉफ्टवेअर विभागात आले, तेव्हा पळसदेवच्या मेंढपाळ घरातला हा मनुष्य आठवड्याभरात आम्हा प्राध्यापकांपेक्षा तरबेज झाला. मात्र अमोनिया जुळवायचा म्हणजे आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या, ओला पंचा नाकाला बांधायचा आणि मगच माउसला हात लावायचा. पडद्यावर निळा नायट्रोजन उमटला की ते मुलींना दरडावत, "मागं सरा गं! हितं बनतंय!"

"तात्या, चित्र आहे हो ते."

"चित्र हाय म्हनूनच गप हाय. तुमी नका मला शिकवू."

तीन हायड्रोजन जोडून रचना स्थिर करण्याचे बटण दाबले की तो रेणू थरथरत तिपाईसारखा आकार घेई. तात्या श्वास रोखून पाहत आणि पुटपुटत, "बसला. बसला बाबा." शेजारच्या संगणकावर कोणी हायड्रोजन क्लोराइड जुळवू लागले की ते ओरडत, "बंद कर त्ये! ही दोगं एका खोलीत आली की धूर हुतो!" रसायनशास्त्र अचूक होते. सगळे हसत. मीही हसे, पण तात्या माझ्याकडे वळले की मी नजर फिरवी. यांना कळले असेल काय?

गेल्या महिन्यात जुना संगणक बदलायचा ठरला. तात्यांच्या फायली उतरवून घेताना मी थबकलो. शेकडो फायली होत्या आणि प्रत्येकीत तोच एक अमोनिया.

"तात्या, एकच रेणू इतक्यांदा?"

त्यांनी नाकावरचा पंचा सोडला. "सर, ह्याला समद्या बाजूंनी फिरवून बगतो. त्या दिशी माज्या हातनं कुठनं निसटला, त्ये घावतंय का म्हनून. बूच मी घट लावल्यालं मला आटवतंय. पर मेमोत तसं न्हाय."

मी फायली उतरवत राहिलो.

"लेकीला पोरगी झालीया. दोन म्हैनं झालं. लेक म्हनती, आबा, घ्या की मांडीवर. म्या न्हाय घेत. ह्या हातांचा भरवसा न्हाय, सर."

दारात प्रात्यक्षिकासाठी आलेल्या मुली उभ्या होत्या. विभागप्रमुख आत येत होते. आणखी क्षणभर थांबलो असतो, तर पुन्हा गप्प बसलो असतो, हे मला पक्के ठाऊक होते.

"तात्या," मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बूच तुम्ही घट्टच लावले होते. नंतर ती बाटली मी उघडली आणि मीच सैल ठेवली. तुमच्या हातांची काहीही चूक नव्हती. सहा वर्षे भिऊन मी बोललो नाही. मला क्षमा करा."