भोयरची फर्स्ट शिफ्ट

नागपुरातल्या आमच्या नंदनवन ले-आउटात, म्हणजे वसाहतीत, मारुतीच्या ओट्यापर्यंत चपला घालून जाता येतं, पण भोयरच्या अंगणात नाही. तिथे फाटकाशीच चप्पल काढायची. बूट असतील तर बूट. मे महिन्याच्या उन्हात सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेल्या माणसालाही या गृहस्थाने अनवाणी आत नेलेलं मी पाहिलं आहे. तो माणूस काय बोलला, ते मी वकील असूनही इथे लिहू शकत नाही.

आत संगमरवर असेल, गालिचा असेल, असं तुम्हाला वाटेल. आत तण आहे. भोयर त्याला विष्णुक्रांता म्हणतो. जमिनीला चिकटून पसरायचं, पानांवर बारीक लव, आणि त्यात शर्टाच्या बटणाएवढी निळी फुलं. कुठल्याही माळावर फुकट मिळतं. गणपतीच्या पत्रीत वर्षातून एकदा त्याची आठवण होते, आणि तेवढी त्याला पुरे, असं माझं मत आहे.

भोयर कळमेश्वरच्या एका कारखान्यात टाइमकीपर होता. निवृत्त झाला, पण भोंगा त्याच्या डोक्यातून निवृत्त झाला नाही. ही फुलं सकाळी ऊन आलं की उघडतात आणि दुपारी मिटतात. भोयर याला फर्स्ट शिफ्ट म्हणतो. दुपारी कोणी फुलं पाहायला गेलं तर फाटकातूनच परत पाठवतो. "शिफ्ट सुटली जी. उद्या या." मध्येच कुठे हरळी किंवा गाजरगवत दिसलं की उपटून फेकतो आणि म्हणतो, "याच्यापाशी गेटपास नाही."

एकदा मी म्हटलं, फुलं मिटल्यावर तरी लोकांना चपला घालू द्या.

"काहून? कामगार झोपला म्हून त्याच्या अंगावरून चालत जाता का तुमी, वकीलसाहेब?"

कोर्टात मला असा उलटप्रश्न कोणी केला नव्हता.

लागवडीची कथा तर विचारूच नका. आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तोंड वासते. या बहाद्दराने अंगणातली माती खणून बाहेर काढली आणि ट्रॉलीभर मुरूम आणून आत टाकला. ले-आउटला वाटलं, खोली काढतोय. मग स्कूटरवरून कळमेश्वरच्या माळाच्या चकरा सुरू झाल्या. मुळांना ओलं फडकं गुंडाळून रोपं आणायची, एकेक करून लावायची. पहिल्या वर्षी त्याने लाडाने इतकं पाणी घातलं की अर्धी कुजली. तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत हा माणूस मारवाड्यालाही लाजवेल. "लय लाड केले का बिघडते," हे वर सगळ्यांना ऐकवायचं. वाढलेले शेंडे कातरायला तो जमिनीवर सपशेल पालथा पडतो. एकदा त्याला तसा पडलेला पाहून माझी बायको हुंगवायला कांदा घेऊन धावली होती. कांदा फोडून झाल्यावर त्याने मान वर करून तिला चप्पल काढायला सांगितलं.

माझ्या अंगणात तेव्हा लॉन होतं. नर्सरीवाल्याने गालिच्यासारखं गुंडाळून आणलं आणि अंथरून दिलं. दिवसातून दोनदा पाणी, महिन्याला खत. नागपूरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते मेलं. पण मेलं ते ऐटीत मेलं. भिंतीपलीकडे भोयरचं तण जिवंत होतं, याचा मला जो राग आला तो मी इथे लपवत नाही.

या अंगणातून घराच्या दारापर्यंत जायला भोयरने शहाबादी फरशीचे तुकडे बसवले आहेत. तेही कसे, तर कोंबडीने चालावं इतके जवळजवळ. माझ्यासारख्या उंच माणसाला त्यावरून नव्या नवरीसारखं टुकूटुकू चालावं लागतं. एक तुकडा सोडून पाय टाकला की तोल जातो आणि पाय तणावर पडतो. मग भोयर ओरडतो. मी म्हटलं, अहो, जन्मभर दुसऱ्यांची वेळ मोजलीत, तुम्हाला अंतर मोजता येत नाही का?

"माप बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमचे पाय चुकून राहिले."

त्यात ते पत्र्याचं फाटक. सकाळी नऊपर्यंत आतून कडी. ज्या फुलांची एवढी मिजास, ती उमलतात तेव्हा फाटक बंद. हे म्हणजे लग्न लागेपर्यंत वऱ्हाडाला मांडवाबाहेर उभं करायचं.

आता मला खरी चीड कशाची होती, ते सांगतो. भोयरची बायको वत्सलाबाई. एकेकाळी महालक्ष्म्यांचं जेवण ही बाई एकटीच्या हिमतीवर उठवायची. पंगतीत आंबील घेऊन अशी सरसर फिरायची की आपण नको म्हणेपर्यंत वाटी भरलेली असायची. पुढे काचबिंदूने तिची दृष्टी गेली. तेव्हापासून ती बाहेर दिसली नाही. माझी बायको आत जाऊन भेटून यायची, म्हणायची, बोलते नीट, पण उंबऱ्याबाहेर ये म्हटलं की विषय बदलते. आणि नवरा काय करतो, तर अंगणात पालथा पडून निळी फुलं पाहतो. बायको आत अंधारात बसलेली आणि हा बाहेर तणाची हजेरी घेतोय. मी हे ले-आउटात चारचौघांत बोललो आहे. चारचौघांनी मान डोलावली आहे.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्याचा मुलगा प्रशांत पुण्याहून आला. पोरगं शहाणं. आल्याबरोबर अंगण पाहून म्हणाला, हे सगळं काढून गट्टू बसवू. सिमेंटचे लाल गट्टू, सपाट, स्वच्छ, गाडीही आत येईल. भोयर नाही म्हणाला. काहून नाही, ते मात्र सांगेना. मुलाने गट्टूवाल्याला परस्पर सांगून टाकलं आणि माझ्याकडे आला.

"काका, बाबा तुमचं ऐकतील. आई कधी बाहेर निघाली तर या फरशीच्या तुकड्यांमधी पडेल. उद्या नऊला टेम्पो येऊन राहिला. त्याच्या आधी तुम्ही एकदा समजवा."

असा पक्षकार मला जन्मात मिळाला नव्हता. मी रात्री मुद्दे काढले. सकाळी आठच्या सुमारास, नऊपर्यंत झोपणारा मी, आंघोळ करून भोयरच्या फाटकाशी हजर झालो. कडी निघालेली होती. प्रशांत तर्री-पोहे आणायला गेला होता आणि फाटक तसंच ढकलून गेला होता. सवयीने चप्पल हातात घेतली आणि आत डोकावलो.

वत्सलाबाई अंगणात होती.

हातात काठी नव्हती. कोणाचा हात धरलेला नव्हता. अनवाणी, एकेका फरशीवर पाऊल टाकत ती दारापासून फाटकाकडे येत होती. पाऊल जरा कडेला गेलं की तळव्याला ती मऊ लव लागायची आणि पाऊल आपोआप फरशीवर परत यायचं. फरशीचा प्रत्येक तुकडा तिच्या पावलाखाली बरोब्बर येत होता. भोयर तिच्याजवळ नव्हताच. तो भिंतीला टेकून उभा होता, हात मागे बांधून. तिच्या प्रत्येक पावलाला त्याचा खांदा हलत होता, पण तो पुढे झाला नाही.

"झाली का वं शिफ्ट सुरू?" त्याने विचारलं.

ती खाली वाकली. कडेच्या पानांवरून बोटं फिरवली, सावकाश, एकेका फुलावरून.

"झाली जी," ती म्हणाली. "इकडची एक अजून यायची आहे."

"लेट मार्क लावतो तिले."

ती हसली. मग मान वळवून म्हणाली, "फाटकाशी कोण आहे?"

भोयरने मला पाहिलं आणि माझ्या हातातल्या चपलेकडे पाहिलं.

"ओळखीचंच आहे," तो म्हणाला. "तू ये फाटकापर्यंत."

ती आली. फाटकाच्या पत्र्यावर तळहात ठेवून क्षणभर उभी राहिली, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि वळून त्याच फरशांवरून घरात गेली. ती आत गेल्यावर भोयर माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलला.

"चपलेच्या तळव्यात गिट्टी येते. एक खडा पायाखाली आला होता तिच्या, तर दोन महिने उंबरा नाही ओलांडला. आन लोकं पाहून राहिले हे तिले कळते जी. डोळे नसले तरी कळते. म्हून म्हटलं, लोकायले पाहायला येडा माणूस पाहिजे, तर मी आहे. मलेच पाहा."

मी हातातली चप्पल फाटकाबाहेर ठेवली. मागे काहीतरी गळत होतं. वळून पाहिलं तर प्रशांत उभा होता, कधीपासून ते मला माहीत नाही. हातातल्या पिशवीतून तर्री त्याच्या पँटवर टपकत होती आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

नऊला टेम्पो आला. गट्टू परत घ्यायला टेम्पोवाला तयार होईना. शेवटी मीच म्हटलं, उतरव माझ्या अंगणात, माझं लॉन तसंही मेलेलंच आहे. आता माझ्याकडे लाल गट्टू आहेत. उन्हाळ्यात त्यावर पापड भाजता येतात.

भोयरबद्दलचं माझं मत विशेष बदललेलं नाही. तो हेकट आहे, आणि परवाच त्याने माझ्या व्याह्यांना फाटकाशी मोजे काढायला लावले. मात्र हल्ली मी आठच्या आत उठतो आणि चहा घेऊन भिंतीजवळ बसतो. फाटक आतून बंद असतं. पलीकडून त्याचा आवाज येतो, "झाली का वं शिफ्ट सुरू?" ती "झाली जी" म्हणेपर्यंत माझ्याने चहाचा घोट घेववत नाही.