न बसवलेल्या दाराची चोरी

मनोज सरांनी एकदा मनावर घेतलं की काम झालंच म्हणून समजा, हे आंबेखोलच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सर ते स्वतःच सांगत असत. त्यामुळे "पंधरा दिवसांत मुलींच्या बाथरूमला दार लागलेलं असेल, लिहून ठेवा," असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या सोनुबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या. लिहून ठेवण्याचा तिथे कोणालाच उत्साह नव्हता. लिहिलेले अकरा अर्ज सरांच्याच कपाटात पडून होते.

बाथरूम बांधून तीन वर्षं झाली होती. भिंती झाल्या, पत्रे पडले, चौकट बसली, चौकटीला तीन बिजागऱ्यासुद्धा लागल्या. दार मागच्या टेंपोत येतंय, असं सांगून ठेकेदार गेला, तो टेंपो अजून रस्त्यातच होता. मुलींनी मग आपली सोय आपणच केली. एकीला जायचं असलं की दोघींनी बाहेर उभं राहून तांदळाची रिकामी गोणी चौकटीसमोर ताणून धरायची. वारा सुटला की गोणी धरणाऱ्यांचे हाल आणि आतलीचे त्याहून जास्त. मोठ्या मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत, नाहीतर मधल्या सुट्टीत घरी जायच्या आणि परत यायच्या नाहीत.

आठवीतली रुचिता त्यातलीच. पोरगी वर्गात सगळ्यांत हुशार, पण दुपारनंतर तिची जागा रिकामी. तिचे वडील नागू, भातशेती करणारा अबोल माणूस. तो एकदा शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पोरगी पानी प्यायची बंद झाली हाय. दिवाळीपरेंत दार लागलं तर ठीक. नायतर मी तिला घरी बसवनार." आवाज चढवला असता तर सरांना वाद घालता आला असता. तो सरळ बोलून निघून गेला आणि सरांना ते फार लागलं.

त्याच सुमारास मुंबईच्या एका संस्थेतून हर्षला नावाची ताई पाच छोटे कॅमेरे घेऊन आली. मुलांनी आपल्या शाळेच्या अडचणींचे फोटो काढायचे आणि ते मोठ्या माणसांसमोर ठेवायचे, असा तिचा उपक्रम. दोन दिवस तिने मुलांना शिकवलं. फोटोखाली एक अक्षर लिहायचं नाही, हा तिचा सगळ्यात कडक नियम. फोटो स्वतःच बोलला पाहिजे, म्हणाली.

मुलांनी जीव तोडून फोटो काढले. कोणी गळकं छप्पर टिपलं, कोणी एकाच फळ्यावरचं दोन इयत्तांचं गणित, कोणी तुटक्या बाकाच्या पायाखाली रचलेल्या विटा. मग सरांनी रुचिताचा फोटो पाहिला. दोन मुली पाठमोऱ्या, हात ताणून गोणी धरलेली, गोणीखालून तिसरीची दोन पावलं दिसतायत, बस. सरांचे डोळे भरून आले. अकरा अर्जांत त्यांना जे सांगता आलं नव्हतं ते या पोरीने एका बोटाने सांगितलं होतं. त्यांनी तो फोटो तिथल्या तिथे वरच्या, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. अर्थातच खाली एक अक्षरही न लिहिता.

दहा मिनिटांत उत्तर आलं. एक अंगठा, दोन फुलं आणि "अभिनंदन".

सरांना वाटलं, चुकून आलं असेल. चार दिवसांनी पत्र आलं. मुलींच्या प्रसाधनगृहास दरवाजा बसविल्याचे छायाचित्र प्राप्त झाले असून सदर प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. थोडक्यात, फाईल बंद. सरांनी पत्र वाचलं, मग बाहेर जाऊन चौकटीकडे पाहिलं, मग पुन्हा पत्र वाचलं. क्षणभर त्यांना आपल्याच डोळ्यांची शंका आली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते ऑफिसात गेले. तिथल्या तेजश्री मॅडम अगदी तत्पर बाई. त्यांनी लगेच फोटो उघडून पडदा सरांकडे फिरवला.

"हे काय सर, पांढरं दार. वर कंपनीचं नावपण आहे."

ती गोणी आहे आणि ते नाव तांदळाचं आहे, असं सरांनी सांगितलं. मॅडमनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला. खाली पन्नास किलो लिहिलेलं दिसलं. तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उजेड पडला नाही.

"सर, माझ्याकडे रोज शंभर फोटो येतात. झाड लावल्याचा, हात धुतल्याचा, पुस्तकं वाटल्याचा. काम झालं की फोटो येतो. काम न झाल्याचा फोटो कोण कशाला पाठवेल?"

सरांच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये असे नऊशे फोटो होते आणि त्यातलं लिंबाचं एक रोप तर त्यांनी तीन वर्षं तीन बाजूंनी लावलं होतं. दार नसल्याचा ताजा फोटो पाठवा, मग बघू, असं मॅडम म्हणाल्या. सरांनी शाळेत परत जाऊन उघड्या चौकटीचा फोटो काढला, या वेळी गोणी नाही, मुली नाहीत, काही नाही. तो पाठवला आणि मॅडमचा फोनच आला. गेल्या आठवड्यात दार होतं आणि आता नाही, म्हणजे सरकारी मालमत्ता चोरीला गेली. पोलिसांत फिर्याद द्यायची, तिची प्रत जोडायची, मगच नव्या दाराची मागणी करता येईल.

"पण मॅडम, दार नव्हतंच."

"मग पहिला फोटो तुम्ही खोटा पाठवलात का?" मॅडमनी अगदी काळजीने विचारलं.

खोटा फोटो म्हणजे मेमो. चोरी म्हणजे निदान नवं दार. सरांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी कर्जतजवळच्या भिसेगावच्या आपल्या घरून निघून जीपने कशेळ्याला उतरल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, कधीच नसलेल्या वस्तूची चोरी नोंदवायला ते पोलीस चौकीची पायरी चढले.

पंचनाम्याला गजा हवालदार आला. त्याने चौकट मोजली, बिजागऱ्या हलवून पाहिल्या आणि चोर मोठा सफाईचा हाय, एक ओरखडा नाय, असं कौतुकाने म्हणाला. मग त्याने वही काढून दाराचं वर्णन विचारलं. सर घाबरले. दार होतं, दारासारखं होतं, असं काहीतरी ते पुटपुटू लागले. तेवढ्यात मागे उभी असलेली रुचिता बोलली.

"निळं होतं. आतून कडी. आनि एक कडी खाली, पहिलीतल्या पोरींचा हात पोचंल अशी. ओढनी अडकवायला आतून खिळा. खाली चार बोटं फट, उजेड यायला, त्याच्याहून जास्त नाय."

हवालदार भराभर लिहीत राहिला. असं दार आमच्या चौकीला पन नाय, म्हणाला. सर मात्र रुचिताकडे पाहत राहिले. पोरगी खोटं बोलत नव्हती. तीन वर्षं रोज ती ते दार बघत आली होती, फक्त ते कुठेच नव्हतं. सरांना तिथेच तिची माफी मागावीशी वाटली, पण हवालदाराला सही हवी होती.

गजा हवालदार मूळचा इथलाच, त्याला उगाच कोणाला आत टाकायचं नव्हतं. त्याने ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सगळं वर्णन वाचून दाखवलं, वर्णन आठवीतल्या रुचितानं दिलं हाय असंही सांगितलं, आणि ज्यानं कोनी दार नेलं असंल त्यानं सोमवारच्या सकाळपरेंत शाळेच्या अंगनात आनून ठेवावं, नाव विचारनार नाय, असं जाहीर केलं.

गावात गोंधळ उडाला. शाळेला दार कधी लागलं हे कोणीच पाहिलं नव्हतं, पण ऑफिसचा कागद होता, पोलिसाचा कागद होता, म्हणजे मधे कधीतरी येऊन गेलं असणार. जो तो भाताच्या कापणीत, कोण बघतंय? आणि मग जो तो आपापल्या घरातल्या माणसाकडे संशयाने पाहू लागला. सोनुबाईंनी नवऱ्याला तीन वेळा शपथ घातली. तो बिचारा रस्त्यात सापडलेला खिळाही घरी आणणारा, त्यामुळे त्याचा स्वतःवरच भरवसा नव्हता.

सोमवारी मनोज सर शाळेत पोचले, तर अंगणात तीन दारं उभी होती.

पहिलं सोनुबाईंच्या न्हाणीचं पत्र्याचं दार. ते हिरवं होतं, पण त्यावर कोणीतरी निळ्या खडूने घासलं होतं. दुसरं कपाटाचं, आरशासकट. ते कोणी आणलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. आणि तिसरं चांगलं जाड सागवानी, निळा रंग अजून ओला, आतून कडी, खाली आणखी एक कडी, आत खिळा. हवालदाराने वही काढून एकेक गोष्ट ताडून पाहिली. सगळी बरोबर! चार बोटांची फटसुद्धा खालून करवतीने काढलेली होती. चोरीचा माल जसाच्या तसा मिळाला, असं तो म्हणाला. त्याने तिथेच दार बिजागऱ्यांवर चढवून घेतलं, मोबाईलवर फोटो काढला, ऑफिसला पाठवला आणि इतर दोन दारं आपापली घेऊन जा असं भोंग्यावरून सांगायला निघून गेला. ऑफिसकडून एक अंगठा आणि दोन फुलं आली. नव्या दाराची मागणी निकालात निघाली.

सर त्या दाराभोवती वेड्यासारखे फिरत होते. जे दार कधी नव्हतं ते परत कसं आलं? मग त्यांना वरच्या कोपऱ्यात रंगाखाली बुजलेला ग्रामपंचायतीचा पत्र्याचा बिल्ला दिसला. घर नंबर सत्तेचाळीस. सत्तेचाळीस म्हणजे नागूचं घर.

नागू फाटकाशीच उभा होता. कोपरापर्यंत निळा. सरांनी त्याला बाजूला घेतलं, तर त्याने हातच जोडले. "सर, पोरीला पोलिसात देऊ नका. चूक माझी हाय."

त्याने मनाशी जुळवलेलं सगळं सांगितलं. दार नसंल तर घरी बस, असं त्यानेच पोरीला म्हटलं होतं. पोरीला घरीच बसायचं असणार, म्हणून आलेलं दार तिनेच कुठेतरी नाहीसं केलं असणार. नाहीतर कडी किती खाली हे तिला एवढं बरोब्बर कसं ठाऊक? तिला विचारायची त्याची छाती झाली नाही. ती हो म्हणाली असती तर काय केलं असतं? त्यापेक्षा घराचं दार उतरवणं सोपं.

सरांना आता खरं सांगावंच लागलं. गोणी, फोटो, अंगठा, मेमो, सगळं. नागूने शांतपणे ऐकलं.

"म्हंजे पोरीनं कायच नाय नेलं?"

"नाही."

"हवालदारानं शोधलं ते दार?"

"ते नव्हतंच, नागूभाऊ."

"मंग मी दिलं ते काय हाय?"

नागू काही वाईट बोलला नाही. पण घर सताड उघडं होतं, कुत्री आत शिरत होती, बायको कालपासून बोलत नव्हती. चोरीच नव्हती तर दार परत न्यायला हरकत नव्हती. त्याने खिशातला पाना काढला आणि तो बाथरूमकडे चालू लागला. त्याला अडवायला सरांना तोंडच नव्हतं. दिवाळीला आठ दिवस राहिले होते.

नागूने दाराला हात घातला. दार हललं नाही.

"थांब रं बा," आतून रुचिताचा आवाज आला. "मी हाय आत."

नागूचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. तो दहा पावलं मागे सरला, पाठमोरा झाला आणि पाना खिशात ठेवून पेरूच्या झाडाकडे बघत उभा राहिला. रुचिता सावकाश बाहेर आली. बाहेर सहा मुली रांगेत होत्या. त्यातल्या सगळ्यात लहानीने बाटली तोंडाला लावून घटाघट पाणी प्यायलं, मग आत गेली आणि खालची कडी लावल्याचा आवाज झाला. नागू रांग संपेपर्यंत तसाच उभा होता. रांग संपली तेव्हा पहिली मुलगी पुन्हा पाणी पिऊन आली होती.

"ऱ्हाऊ द्या," शेवटी तो सरांना म्हणाला. मग जरा घुटमळला. "सर, आमच्या घराला आता दार नाय. त्याचा एक फोटो काढून वर धाडता का?"

मनोज सरांनी मोबाईल घाईघाईने खिशात घातला. फोटो नको, नागूभाऊ, फोटो अजिबात नको, असं ते दोनदा म्हणाले. संध्याकाळपर्यंत दार आणून देतो, अगदी मजबूत आहे, असा शब्द देऊन ते टेंपोवाल्याला शोधायला निघाले. भिसेगावच्या त्यांच्या घराचं मागचं दार तसं फारसं वापरात नव्हतं. बायको तशी समजूतदार होती, पण दार का काढतोय हे तिला कुठून सांगायला सुरुवात करायची, ते काही सरांना कर्जत येईपर्यंत सुचलं नाही.