रुख्माबाईच्या बांधीची बारा जुलैची किंमत

जमिनीची किंमत रोज बदलते, म्हणून न्यायासाठी कुठला तरी एक दिवस धरावा लागतो. तो सरकारने ठरवावा हेच योग्य. मालकाला विचारले तर तो कापणीचा दिवस सांगेल, आणि सरकारला सगळ्याच जमिनी सुपीक असल्याचा भास होईल.

अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात १९५४ साली रुख्माबाईची अडीच एकर बांधी, म्हणजे धानाचे शेत, सरकारने घ्यायचे ठरवले आणि जाहीरनाम्यात बारा जुलै हा दिवस निघाला. कारण लोकहिताचे होते : सुधारित भातशेतीचे सरकारी प्रात्यक्षिक क्षेत्र. बाई विधवा, जमीन एवढीच. (मालक एकच असला की कागद कमी लागतो.)

अधिकारी गव्हाच्या मुलखातले. तिकडे बी पेरले तिथेच राहते. आमच्याकडे धानाचे पऱ्हे एका तुकड्यात दाट वाढवतात आणि मग उपटून चिखलात रोवतात. बारा जुलैला रुख्माबाईचे पऱ्हे दिराच्या बांधीत होते आणि तिच्या बांधीत नुसता चिखल. साहेबांनी बुटांच्या हिताचा विचार करून कडेच्या धुऱ्यावरूनच पाहणी केली व मला मजकूर सांगितला : पीक – नाही; पाणी – घोटाभर; वर्ग – पाणथळ पडीत.

"पडीत काऊन लिहून राहिले जी?" रुख्माबाई म्हणाली. "चिखल कालच केला. पऱ्हे दिराच्या बांधीत हायेत. उद्या रोवनी हाय."

साहेबांनी नमुना उलटसुलट पाहिला. त्यात 'उद्या'साठी रकाना नव्हता. मी पटवारी, जन्म याच गावचा, दोन्ही वेळा भात खाणारा. मी छत्री या हातातून त्या हातात घेतली. त्याची लाज वाटते, पण नोकरी कायम आहे.

दुसऱ्या दिवशी बाईने रोवणी उरकली आणि आठवड्याने साहेबांना हिरवी बांधी दाखवली. त्यांनी तोंडभरून कौतुक केले. मात्र जाहीरनाम्यानंतर मालकाने केलेली सुधारणा भरपाईत धरता येत नाही. पडीत जमिनीत धान लावणे ही सुधारणाच, आणि उघडउघड लबाडीची.

धानाच्या जमिनीला एकरी चारशे, पडीतला चाळीस. झाले शंभर. शिवाय सक्तीने घेतल्याबद्दल कायद्याने पंधरा टक्के जादा, म्हणजे जबरदस्तीचे पंधरा रुपये. (हजाराच्या जमिनीवर दीडशेची जबरदस्ती झाली असती. त्या मानाने बाईला फारच हळुवार वागवले.)

दिवाळीनंतर प्रात्यक्षिक क्षेत्राने तेच धान कापले. 'निरुपयोगी जमिनीतून पहिल्याच वर्षी भरघोस उत्पन्न' असा अहवाल वर गेला. कापणीला रोजाने रुख्माबाईच होती. बांधी ओळखीची असल्याने काम झटपट झाले.

भरपाईचा चुकारा घेताना तिने मला विचारले, "लोकाईच्या हिताले घेतली म्हन्ता, त ते लोक कोन जी? एखादा दाखवा ना."

मी फाइल पाहिली. नावे नव्हती, पण व्याख्या स्पष्ट होती. ते लोक म्हणजे आपण, वाचकहो. आक्षेपासाठी तीस दिवसांची मुदत होती. आपला अर्ज आला नाही. आपली संमती आहे असे समजून मी तसा शेरा मारला आहे.