शालनची बिघाडवही

घरात कॉम्प्युटर आला तेव्हा शालनने एक साधा निर्णय घेतला. वही ठेवायची. यंत्र बंद पडलं की वेळ, परिस्थिती आणि संशयित असे तीन रकाने भरायचे. (बीएस्सीला गणित होतं, त्याचा एवढा तरी उपयोग.)

कॉम्प्युटर म्हणजे काळी, चपटी पेटी. तिच्या नवऱ्याने, कृष्णातने, ती उद्यमबागेतल्या कारखान्यातल्या आपल्या साहेबांकडून सेकंडहँड आणलेली. टीव्हीला जोडायची, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून पाच मिनिटं तिचं किंचाळणं ऐकायचं, की प्रोग्राम हजर. मग दुपारी साडेतीनच्या सुमाराला पडद्यावर रंगीत पट्टे यायचे आणि प्रोग्राम गुल.

गावात कॉम्प्युटरचा क्लास निघत होता. त्याचे धर्मराज सर रविवारी घरी येऊन शालनने लिहिलेला मार्कांचा प्रोग्राम बघणार होते. तो चालला तर शिकवायची नोकरी, नाहीतर पुन्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या.

वहीतला पहिला संशयित होता अनगोळातल्या त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. ती तीनलाच सुरू व्हायची. शालन छत्री घेऊन गिरणीवाल्या कल्लाप्पाकडे गेली.

"रविवारी दुपारी जरा बंद ठेवाल?"

"वैनी, तुमच्या टीव्हीपायी सगळ्या अनगोळानं भात खायचा व्हय?"

दुसरा संशयित, वीज. कृष्णातने कारखान्यातून भलामोठा स्टॅबिलायझर उचलून आणला. तो इतका घरघरला की बाळ, रवळू, दचकून उठला आणि पट्टे तरीही वेळेवर आले. तिसऱ्या संशयित सासूबाई, अक्काताई. (हे नाव शालनने पेन्सिलीने लिहिलं.) त्या रोज सकाळी पेटीला हळदकुंकू वाहायच्या. शालनने टाचणीने सगळं कुंकू कोरून काढलं.

"आत्याबाई, यंत्राची पूजा नको."

"का गं? लई गुणाचं यंत्र हाय. शेगडीपेक्षा बरं."

सासूबाईंना विज्ञान पटायला लागलं, या विचाराने शालनला भरून आलं.

रविवारी सर अडीचला आले. कॅसेट किंचाळली, प्रोग्राम चढला. सरांनी दहा मुलांचे मार्क घातले, यंत्राने नंबर लावून दिले. सर मान डोलवत होते. शालनला वाटलं, जमलं. मग लगेच वाटलं, कसं जमेल? आपण केलंय ना ते.

तीनला रवळू नेहमीप्रमाणे भिजून उठला. बोलता बोलता तिने त्याचं बदललं, ओला लंगोट विसळून, पिळून आणला आणि सरांना प्रोग्राम समजावत असतानाच पेटीच्या मागच्या उबदार भागावर नीट पसरला. गेला महिनाभर पावसाने दोरीवर काहीच वाळत नव्हतं आणि पोराला सर्दी होईल या धास्तीने तिची झोप उडाली होती. आता तिचे हात हे काम तिला न विचारताच करत. सर लंगोटाकडे बघत राहिले.

साडेतीनला पट्टे आले.

"गिरणी," शालन म्हणाली.

"वही बघू," सर म्हणाले. त्यांनी पानं उलटली आणि परिस्थितीचा रकाना मोठ्याने वाचला. "सोमवार, तीन पाच, रवळूचं बदललं. साडेतीन, पट्टे. मंगळवार, तीन दहा, रवळूचं बदललं..." शनिवारपर्यंत वाचून त्यांनी दोन बोटांनी लंगोट उचलला. खालच्या हवेच्या फटी गच्च झाकलेल्या होत्या. पेटी तव्यासारखी तापली होती. लंगोट मात्र जवळजवळ वाळला होता.

शालनला जमिनीत शिरावंसं वाटलं. एवढ्या संशयितांत एकच नाव राहून गेलं होतं, आणि वहीवर मालकीण म्हणून तेच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

"सोमवारपासून या," सर म्हणाले. "इतकी चोख नोंद मी कुठं बघितली न्हाय. तुम्ही फक्त लिहीत जा. निष्कर्ष मी काढीन."

दारात उभ्या अक्काताईंचा चेहरा पडला. "मग पोराचं कापड वाळवायचं कशावर?" जरा विचार करून त्यांनी विचारलं, "सायेब, तुमच्या क्लासात अशा पेट्या किती हायत?"

"आठ."

अक्काताईंची कळी खुलली.

"जा गं शालन, नोकरीला न्हाय म्हणू नको. जाताना धुण्याची बादली तेवढी घेऊन जा."