थेटे काकांची होल्डवरची फरशी

गंगापूर रोडला लाकडी फरश्यांची जी दोन-चार दुकानं आहेत, तिथे आमच्या थेटे काकांना 'वॉकरवाले काका' म्हणून ओळखतात. वास्तविक काकांचे पाय ठणठणीत आहेत. सकाळी फिरायला गेलो की ते मला मागे टाकतात आणि वर वळून बघतात. पण फरशीच्या दुकानात शिरायच्या आधी माझ्या गाडीच्या डिकीतून ते एक ॲल्युमिनियमचा वॉकर काढतात. आत गेल्यावर चपला काढतात आणि पाणी मागतात. सेल्समन अदबीने थंड पाण्याचा ग्लास पुढे करतो. ते पाणी काका पीत नाहीत. खुर्चीवर बसून ते पायांच्या दोन्ही तळव्यांना चोळतात, उठतात, आणि ओल्या पायांनी वॉकर पुढे सरकवत नमुन्याच्या फरशीवरून चालू लागतात. मध्येच एक पाय मुद्दाम घसरवून बघतात.

"काका, सांभाळून," सेल्समन म्हणतो.

"मी पडलो तर तुमचा माल रिजेक्ट. नाही पडलो तर होल्डवर."

"आणि पास कधी?"

"पास एवढ्या लवकर नसतं," काका म्हणतात आणि पाऊलखुणा तशाच सोडून बाहेर पडतात. वॉकर डिकीत ठेवायचं काम माझं.

थेटे काका इंदिरानगरला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे दिंडोरीकडचे. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी तपासणी खात्यात काढली. मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा, मोजायचा, उजेडात धरायचा आणि त्याला टॅग लावायचा: पास, रिजेक्ट किंवा होल्ड. होल्ड म्हणजे आत्ता काही सांगता येत नाही, बाजूला ठेवा, पुन्हा बघू. रिटायर होताना काकांनी बाकी सगळं कारखान्यात जमा केलं, टॅग मात्र घरी आणले.

मेथीची जुडी, सोसायटीचा नवा वॉचमन, आमच्या मुलीचं चित्र, सगळ्याला टॅग. स्वतःच्या जावयाला त्यांनी लग्नानंतर वर्षभर होल्डवर ठेवला होता. जावई पुण्याहून आला की काका त्याच्याकडे उजेडाच्या बाजूने बघत बसत. कारखान्यात आणखी एक सोय असते. मालात थोडी खोट आहे, पण काम अडत नाही, तर तो 'डेव्हिएशनवर पास' करतात. माझी बायको वैशाली सांगते की काकांनी तिच्याजवळ माझ्याबद्दल हाच शेरा मारला होता. मी खोलात गेलो नाही.

दुसरी खोड भावाची. काकांना घासाघीस करण्यात जे सुख मिळतं ते मिळालेल्या वस्तूत मिळत नाही. नारळ असो की पंखा, "सांगितलेला किती, दिला किती" हे ते जिन्यात उभे राहून सांगतात. त्यातली सर्वांत जुनी आणि लाडकी गोष्ट त्यांच्या घरच्या फरशीची. फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी चकचकीत, आरशासारखी फरशी निम्म्या भावात मिळवली होती. कुठल्याशा बंगल्याची ऑर्डर रद्द झाली होती, माल पडून होता, दुकानदार अडला होता, आणि काका तिथे पोचले होते. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की त्या दुकानदाराचा चेहरा मी न बघता ओळखीन. "चेहरा दिसतो बघ फरशीत," काका म्हणायचे. खरंच दिसायचा. जेवताना खाली बघितलं की आपणच आपल्याकडे बघत जेवतोय असं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी शकुंतलाकाकू त्याच फरशीवर पडल्या. कामवाली मीराताई नुकतीच पुसून गेली होती, काकू देवासाठी फुलं घेऊन आत चालल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते नीट झालं, आणि पुढच्या सेवेसाठी मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. जाताना काकू अँब्युलन्समधून वैशालीला सांगत होत्या, "ह्यांना आमटीत गूळ जास्त लागतो." गाडी गेल्यावर काका एवढंच म्हणाले, "ही फरशी रिजेक्ट. बदलल्याशिवाय तिला आणायची नाही."

मग लाकडाचं खूळ सुरू झालं. फिजिओथेरपिस्ट बाई सहज बोलून गेल्या होत्या की लाकडी जमीन पायाला ऊबदार असते आणि पडलंच माणूस तर मार कमी लागतो. झालं. सोसायटीत जो तो सल्ला देऊ लागला. कुणी म्हणे वाळवी लागेल, कुणी म्हणे पावसाळ्यात फुगेल. मीराताईने तर सरळ विचारलं, "त्याच्यावर पाणी टाकायचं नाय, मग पुसायचं कसं? फुंकर मारून?" साध्या खरखरीत फरश्या टाकून घ्या, स्वस्तात काम होईल, असं मीही सुचवून बघितलं. काकांनी माझ्याकडे उजेडाच्या बाजूने बघितलं.

त्यांच्या घराची हळूहळू प्रयोगशाळा झाली. दुकानादुकानांतून मागून आणलेले फरशीचे तुकडे जिकडेतिकडे. एक बादलीत बुडवलेला, एक गच्चीवर उन्हात, एकावर हळदीचं पाणी, एकावर रोज दुपारी स्टीलचा तांब्या पाडायचे. खालून 'ठण्ण' झालं की आमच्याकडे तीन वाजल्याचं कळायचं.

शेवटी शर्यत तिघांत उरली. पहिलं लॅमिनेट, सगळ्यात स्वस्त. काकांनी त्याची कड सोलून मला दाखवली. आत भुसा दाबलेला आणि वर लाकडाच्या रेषा छापलेला कागद. "हा लाकडाचा फोटो आहे, सुनील. फोटोवर चालतं का कुणी?" बादलीत त्याचा तुकडा दोन दिवसांत पावासारखा फुगला होता. दुसरं परदेशी, देखणं. प्लायवर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि त्यावर चमक. भाव मधला, गुण बरे, पण ओल्या पायाला जरा निसटतं. तिसरं वखारीतलं आपलं सागवान, भरीव पट्ट्यांचं. त्याचा भाव ऐकून काका वखारीबाहेर जाऊन चहा पिऊन आले.

एवढं समजल्यावर निवड अवघड नव्हती. परवडत असेल तर सागवान, नाहीतर मधलं. आणि काकांना परवडत होतं. पेन्शन, शिल्लक, दिंडोरीच्या द्राक्षबागेतला वाटा, सगळं ठीकठाक होतं. पण काका ठरवीनात. आज सागवान जवळजवळ पास, उद्या पुन्हा होल्ड. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. माझे रविवार त्या वॉकरमागे चालले होते. म्हातारा चिकटपणा करतोय, बायकोच्या पायापेक्षा याला भाव मोठा, असं मी घरी वैशालीला बोलूनही दाखवलं.

त्याच आठवड्यात काकूंचा वैशालीला फोन आला. वैशालीने तो स्पीकरवर टाकला.

"अगं, मी केव्हाची तयार आहे यायला," काकू म्हणाल्या. "काठी घेऊन जिना उतरते मी इथे. आहे त्या फरशीवर चालेन, चटया टाकीन, भिंतीला धरीन. पण हे येऊ देत नाहीत. रोज फोनवर एकच, अजून तपासतोय."

"मग तुम्ही जरा दटावा ना त्यांना."

"काय दटावू? मी पडले, दुखलं, विसरले. ह्यांच्या डोळ्यांपुढून जात नाही ते. मी हाक मारली तेव्हा हे तिथेच पेपर वाचत होते ना. उठून येईपर्यंत स्वतःच दोनदा घसरले त्या फरशीवर." मग त्या म्हणाल्या, "नीट जेवतात का गं?"

वैशालीने जेवतात म्हणून सांगितलं. ते काही पूर्ण खरं नव्हतं. डबा आम्ही द्यायचो, पण सकाळी तो बऱ्याचदा अर्धा भरलेला परत यायचा. मला फार वाईट वाटलं. मी ज्याला चिकटपणा म्हणत होतो ती भीती होती. एवढं साधं मला कळलं नव्हतं, आणि मीच उजेडाच्या बाजूने बघायच्या लायकीचा निघालो होतो.

पुढच्या रविवारी मी स्वतःच काकांना म्हटलं, चला वखारीत. या वेळी वॉकर त्यांच्याआधी मी डिकीतून काढला. वखारीचे शेठ आम्हाला बघून उठले नाहीत. आता तेही सरावले होते. काकांनी पाय ओले केले, सागाच्या पट्ट्यांवरून गेले, आले, पुन्हा गेले.

"पॉलिश नको," शेवटी काका म्हणाले. "नुसतं तेल."

"काका, पॉलिशशिवाय लाकूड खुलत नाही."

"खुलायला नकोय. तिला त्याच्यावर उभं राहता आलं पाहिजे."

शेठनी आकडा सांगितला आणि सवयीने पुढच्या घासाघिशीसाठी पेन खाली ठेवलं. काका म्हणाले, "ठीक आहे. कधी लावता?"

शेठ घाबरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काकांची तब्येत बरी आहे ना या अर्थाने. आपणहून थोडा भाव कमी करून सांगितला. काका म्हणाले, "असू द्या. माल चांगला द्या."

परत येताना घराजवळच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर काका म्हणाले, "फ्लॅट घेतला तेव्हा शकूला दुसरी फरशी आवडली होती. मातकट रंगाची, खरखरीत. मी म्हटलं, ती लय महाग आहे, आणि गावच्या घरासारखी दिसते. तिने हो म्हटलं. उभा जन्म लोकांचा माल तपासला रे मी. घरच्या मालाचा नुसता भाव बघितला. आणि वर ते गावभर सांगत फिरलो." सिग्नल सुटला. मागचे लोक हॉर्न वाजवू लागले. मी गाडी पुढे घेतली.

फरशी बसवायला सुतार आले तेव्हा काका त्यांच्या मधोमध स्टूल टाकून बसले. दरवाजे खालून तासावे लागले, कारण जमीन वर आली. स्वयंपाकघराच्या तोंडाशी उंचसखल नको म्हणून उताराची पट्टी करून घेतली. ती काकांनी डोळे मिटून चालत तपासली. काम संपलं तेव्हा घराला सागाचा आणि तेलाचा वास येत होता. काकांनी लगेच नियम लावले. पाण्याची बाटली घेऊन आत यायचं नाही. छत्री बाहेर. मीराताईला त्यांनी एक कोरडं फडकं दिलं आणि पिळूनसुद्धा ओलं करायचं नाही म्हणून बजावलं. मीराताई म्हणाली, "काकू आल्या की बघते तुमच्याकडं."

काकू आल्या त्या शनिवारी. जावयाने गाडी आणली होती. आम्ही सगळे जिन्यात उभे होतो. दुखण्यातून उठून एवढ्या दिवसांनी बाई घरी येते, तेव्हा भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि उंबऱ्याबाहेर पायांवर पाणी घालायचं, म्हणून वैशालीने ताटली आणि तांब्या तयार ठेवला होता. काकू लिफ्टमधून काठी टेकत आल्या. बारीक झाल्या होत्या, पण चेहरा हसरा होता. वैशालीने भाकरतुकडा ओवाळला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"थांब," काका म्हणाले.

आम्हाला वाटलं, आता लाकडाचे नियम. वैशालीही बिचकून म्हणाली, "काका, बाहेरच घालते. आत थेंब जाऊ देत नाही."

"बाहेर नको. जिन्यातली फरशी गुळगुळीत आहे, ओली झाली की घसरेल ती. आधी आत घे तिला. लाकडावर घाल."

"लाकडावर? पाणी?"

"घाल म्हणतो ना."

काकू उंबरा ओलांडून आत आल्या आणि लाकडावर उभ्या राहिल्या. वैशालीने जपून, पण रीतीप्रमाणे, दोन्ही पायांवर पाणी घातलं. ते घोट्यांवरून ओघळून सागाच्या पट्ट्यांवर पसरलं. मीराताईने श्वास रोखून धरला होता.

काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि सगळ्यांदेखत काकूंच्या पायांशी खाली बसले.

"अहो, हे काय? लोक बघतायत," काकू हळूच म्हणाल्या.

"लाकूड ओलं राहता कामा नये," काका खाली मान घालून म्हणाले. "पाय उचल. माझ्या डोक्यावर हात ठेव, पडशील नाहीतर."

काकूंनी काठी जावयाच्या हातात दिली आणि काकांच्या टकलावर हात टेकवला. काकांनी एक पाय पुसला. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग दुसरा.

"कितीला घेतलं हो हे?" काकूंनी विचारलं.

"महाग."

"घासाघीस नाही केलीत?"

"नाही."

काकूंनी डोक्यावरचा हात काढला नाही. काका पुसत होते, पाय केव्हाच कोरडे झाले होते तरी. जावई उगाच काठीची मूठ न्याहाळत होता. मग काका गुडघ्यांवर हात देऊन उठले, टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला आणि काकूंना धरून हळूहळू आतल्या खोलीकडे घेऊन गेले.

लाकडावरचं पाणी तसंच राहिलं होतं. ते मीराताईने पुसलं.